यंत्रावाचून संगणकशास्त्र : प्राथमिक शिक्षकांसाठी काही पाठ

संगणकशास्त्र हे नाव ऐकले म्हणजे प्राथमिक शाळेतील बहुसंख्य शिक्षकांच्या डोळ्यांसमोर प्रथम यंत्र उभे राहते. पुष्कळ शाळांत ते यंत्र नसते. असलेच तर मुख्याध्यापकांच्या खोलीत आच्छादन घालून ठेवलेले असते, किंवा नेमकी शाळेच्या वेळातच वीज जाते. शिवाय ज्याला स्वतःला त्या यंत्राचा सराव नाही त्याने हे शास्त्र मुलांस शिकवावे तरी कसे, हा संकोच असतोच. या अडचणी काल्पनिक नाहीत. परंतु त्या यंत्राच्या अडचणी आहेत, शास्त्राच्या नव्हेत. हा भेद एकदा ध्यानात आला म्हणजे खडू, जुने पुठ्ठे, एक तागडी आणि वर्गातील मुले एवढ्या सामग्रीवरही पुष्कळ काम करता येते.

या शास्त्राचे मूळ प्रश्न साधे आहेत. एखादे काम दुसऱ्याकडून केवळ सूचनांच्या बळावर, त्याला तर्क करावयास न लावता, करवून घ्यावयाचे तर त्या सूचना कशा असाव्यात? माहिती कोणत्या खुणांनी लिहून ठेवावी? शेकडो वस्तूंतून हवी ती एक वस्तू थोडक्या श्रमात कशी शोधावी? निरोप एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जाताना बिघडला तर ते कसे कळावे? हे प्रश्न यंत्राच्या जन्मापूर्वीचे आहेत. कोणत्याही निश्चित रीतीला आज 'अल्गोरिदम' म्हणतात. तो शब्द नवव्या शतकात बगदाद येथे राहून ग्रंथरचना करणाऱ्या अल्-ख्वारिझ्मी या गणितज्ञाच्या नावाच्या लॅटिन रूपावरून आला, आणि त्याने सांगितलेल्या रीती भारतीय अंकांनी आकडेमोड करण्याच्या होत्या. तिसरीतील मूल हातचा घेऊन बेरीज करते तेव्हा ते अशीच एक रीत पाळीत असते. संगणकशास्त्र त्याच्या वहीत आधीच आलेले असते. त्याला ते नाव मिळालेले नसते इतकेच.

याच्या उलट, अनेक शाळांत या विषयाच्या नावाखाली यंत्राच्या भागांची नावे पाठ करविली जातात. पडदा कोणता, कळफलक कोणता, माउस कोणता, हे सांगता येणे म्हणजे शास्त्र येणे नव्हे. शिवणयंत्राच्या सुट्या भागांची नावे ज्याला तोंडपाठ आहेत तो सदरा बेतू शकतो असे कोणी म्हणत नाही. २०२० सालच्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही गणिती विचाराबरोबर संगणकीय विचारावर पायाभूत स्तरापासून, कोडी व खेळ यांच्या साह्याने, भर द्यावा असे म्हटले आहे. प्रत्यक्ष आज्ञावली लिहिण्याचे उपक्रम मात्र त्यात माध्यमिकपूर्व स्तरासाठी, म्हणजे सहावी ते आठवीसाठी, सांगितले आहेत. प्राथमिक शिक्षकाचे क्षेत्र त्यामुळे पुरेसे स्पष्ट होते. न्यूझीलंडमधील कँटरबरी विद्यापीठातील टिम बेल आणि त्यांचे सहकारी इयान विटन व माइक फेलोज यांनी १९९० नंतरच्या दशकात यंत्रावाचून खेळावयाच्या अशा खेळांची एक माला रचली, आणि ती पुढे अनेक देशांत पसरली. खाली वर्णिलेले ठिपक्यांच्या पत्त्यांचे आणि उलटलेल्या पत्त्याचे खेळ त्या मालेतील आहेत. भारतातही 'असोसिएशन फॉर कम्प्युटिंग मशिनरी' या संस्थेच्या भारतीय शाखेने २०१६ साली 'सीएसपाठशाला' हा उपक्रम शाळांसाठी सुरू केला.

सूचना आणि तिचे पालन

पहिला पाठ पटांगणावर घ्यावा. खडूने किंवा फक्कीने पाच घरे लांब व पाच घरे रुंद असा चौकोनी पट आखावा. दोन-तीन घरांत दप्तरे ठेवून ती घरे अडवावीत, आणि एका कोपऱ्यात पाण्याचा तांब्या ठेवावा. समोरच्या कोपऱ्यात एका मुलाला उभे करावे. तो 'यंत्र' होय. त्याला तीनच सूचना समजतात : 'पुढे', 'उजवीकडे वळ' आणि 'डावीकडे वळ'. दुसऱ्या मुलाने त्याला तांब्यापर्यंत नेणाऱ्या सूचना पाटीवर क्रमाने लिहाव्यात. लिहून झाल्यावर पाटी तिसऱ्या मुलाच्या हाती द्यावी. त्याने एकेक ओळ मोठ्याने वाचावी, आणि यंत्र झालेल्या मुलाने ऐकेल तेवढेच करावे. लिहिणाऱ्याने या वेळी एक शब्दही बोलावयाचा नाही. खेळाचे सारे मर्म या शेवटच्या नियमात आहे, आणि मोडला जातो तोही हाच नियम.

पहिल्या खेपेस यंत्र बहुधा दप्तरावर आदळते. कारणेही ठराविक असतात. लिहिणारा मुलगा स्वतःच्या उजव्या हाताचा विचार करतो, यंत्राच्या नव्हे. 'उजवीकडे वळ' या सूचनेत एक पाऊल पुढे टाकणेही आले असे तो गृहीत धरतो. किंवा घरे मोजताना ज्या घरात यंत्र उभे आहे तेही तो मोजतो. अशा वेळी वर्ग हसतो, आणि लिहिणारा मुलगा खाली मान घालतो.

शिक्षकाचे खरे काम येथे सुरू होते. प्राथमिक शाळेत चुकलेल्या उत्तरावर तांबडी फुली पडते आणि मूल पुढील उदाहरणाकडे वळते. चुकलेल्या उत्तरात पुन्हा शिरून ते कोठे चुकले हे पाहण्याची सवय मुलांस नसते, आणि खरे म्हणजे पुष्कळदा शिक्षकांसही नसते. जे मूल वारंवार फुल्या पाहते ते लवकरच असे ठरविते की गणित आपल्यासाठी नाही. आज्ञावली लिहिण्याच्या शास्त्रात मात्र पहिला प्रयत्न बिघडणे हा नित्याचा प्रकार आहे. तज्ज्ञांचाही बिघडतो, आणि त्यांचा बराच वेळ दोष शोधण्यात जातो. म्हणून 'चूक कोणाची?' हा प्रश्न वर्गात येऊच देऊ नये. 'चूक कितव्या ओळीत?' एवढेच विचारावे. यंत्र झालेल्या मुलास पुन्हा आरंभस्थानी नेऊन सूचना एकेक करून वाचाव्यात, जेथे वाट बिघडते ती ओळ खडूने अधोरेखित करावी, तेवढीच सुधारावी आणि खेळ पुन्हा पहिल्यापासून चालवावा. दोन-तीन आठवड्यांत मुले स्वतःच 'सहावी ओळ, सहावी ओळ' असे ओरडू लागतात, आणि लिहिणाराही त्यात सामील होतो. एरवी वर्गात गप्प बसणारी मुले या कामात पुष्कळदा पुढे येतात. कारण येथे उत्तर तत्काळ सांगावयाचे नसून पाहात राहावयाचे असते.

मोठ्या मुलांस एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. १९४७ साली अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाच्या 'मार्क दोन' या यंत्रात एक पतंग अडकलेला सापडला, आणि तेथील लोकांनी तो कीटक नोंदवहीत चिकटवून ठेवला. यंत्रातील दोषाला इंग्रजीत 'बग', म्हणजे किडा, म्हणण्याची पद्धत अभियंत्यांत त्यापूर्वीच होती. म्हणूनच त्यांना ही गंमत नोंदवावीशी वाटली. मुलांस ही कथा आवडते, आणि पुढे 'किडा सापडला' हा शब्दप्रयोग वर्गात रूढ होतो.

खेळ अंगवळणी पडल्यावर त्यात दोन नव्या गोष्टी आणाव्यात. पहिली पुनरावृत्ती. 'पुढे, पुढे, पुढे, पुढे' असे लिहिण्याऐवजी 'चार वेळा : पुढे' असे लिहिता येते हे मुलांनी शोधून काढेपर्यंत वाट पाहावी. लेझीम खेळणाऱ्या मुलांस ही कल्पना नवी नसते. चार मात्रांचा एक हात पुन्हा पुन्हा करावयाचा, एवढेच सांगितले जाते. सिमॉर पॅपर्ट, वॉलेस फोर्ट्झाइग आणि सिंथिया सॉलोमन यांनी १९६७ साली मुलांसाठी 'लोगो' ही संगणकाची भाषा तयार केली. तीत पुढे एक कासव आले, आणि 'शंभर पुढे, नव्वद अंश उजवीकडे' ही जोडी चार वेळा सांगितली म्हणजे ते चौरस काढू लागले. तेच कासव मुलाने स्वतः व्हावे. आपण चौरस चाललो हे पायांस कळल्यावर काटकोन वेगळा शिकवावा लागत नाही. दुसरी गोष्ट म्हणजे अट : 'समोर दप्तर असेल तर उजवीकडे वळ, नसेल तर पुढे.' अशी सूचना लिहिली म्हणजे दप्तरांच्या जागा बदलल्या तरी यंत्र त्यांवर आदळत नाही, हे पाहून मुले चकित होतात.

पावसाळ्यात हाच पाठ वर्गात बसून घेता येतो. दोन मुलांनी पाठीस पाठ लावून बसावे. एकाच्या हातात ठिपक्यांच्या रांगोळीचे चित्र असावे, आणि त्याने बोलून सांगावे तसे दुसऱ्याने पाटीवर काढावे. या कलेत शास्त्रज्ञांनीही लक्ष घातले आहे. तमिळनाडूतील कोलम, म्हणजे दारापुढील रांगोळी, ही थोड्या नियमांच्या पुनरावृत्तीतून कशी वाढत जाते याचा अभ्यास गिफ्ट सिरोमनी, रानी सिरोमनी आणि कमला कृतिवासन यांनी १९७४ साली संगणकशास्त्राच्या भाषेत प्रसिद्ध केला. घरोघरी रोज पहाटे होणाऱ्या कामात एवढे गणित आहे हे मुलींस अवश्य सांगावे.

दोनच खुणा

यंत्राच्या आत सर्व काही शून्य आणि एक यांनी लिहिलेले असते हे वाक्य मुले ऐकतात, पण त्याचा अर्थ त्यांस कोणी सांगत नाही. तो सांगण्यासाठी जुन्या नाण्यांसारखे दुसरे साधन नाही. १ एप्रिल १९५७ रोजी भारतात दशमान नाणी सुरू झाली. त्यापूर्वी सोळा आण्यांचा रुपया होता. आणा, दोन आण्यांची चवली, चार आण्यांची पावली, आठ आण्यांची अधेली आणि सोळा आण्यांचा रुपया, अशी प्रत्येक नाण्याची किंमत मागच्याच्या दुप्पट होती. (आण्याखालील पैसा व पै यांचा हिशेब येथे घेऊ नये, तीन पैंचा एक पैसा होत असल्याने ही दुपटीची साखळी तेथे तुटते.) पुठ्ठ्याच्या चकत्या कापून प्रत्येक मुलाला आणा, चवली, पावली आणि अधेली अशी एकेकच चकती द्यावी आणि विचारावे : तेरा आणे कसे द्याल? अधेली, पावली आणि आणा. दुसरी काही रीत आहे काय? मुले बराच वेळ खटपट करतात आणि नाही म्हणतात. मग एकापासून पंधरापर्यंत प्रत्येक रक्कम देऊन पाहावी. प्रत्येक रक्कम देता येते, आणि प्रत्येक एकाच रीतीने देता येते, हा शोध मुलांचा मुलांनीच लावावा.

यानंतर फळ्यावर चार रकाने आखावेत : अधेली, पावली, चवली, आणा. नाणे दिले तर १, न दिले तर ०. तेरा आणे म्हणजे ११०१. येथे द्विमान पद्धती शिकवून झाली. तिचे नाव मागाहून सांगितले तरी चालते. 'सोळा आणे खरे' हा वाक्प्रचार अजून बोलण्यात आहे, तेव्हा घरातील वृद्धांस चवली-पावलीविषयी विचारून येण्याचा गृहपाठ द्यावा. ज्या प्रदेशांत या नाण्यांची नावे निराळी आहेत तेथे ती वापरावीत; किमती सर्वत्र याच होत्या.

नाण्यांनंतर पत्ते. जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूंवर १, २, ४, ८ आणि १६ ठिपके काढून पाच पत्ते करावेत, आणि पाच मुलांस ओळीने उभे करून प्रत्येकास एक द्यावा. पाहणाऱ्यांच्या डाव्या हाताला सोळा व उजव्या हाताला एक यावा. प्रत्येक मुलाने पत्ता एकतर दाखवावा किंवा पालथा धरावा. अर्धवट दाखविण्याची मुभा नाही. आता शून्यापासून मोजणी सुरू करावी. एक ठिपक्याचे मूल प्रत्येक वेळी पत्ता उलटते, दोनाचे एकाआड, चाराचे त्याहून सावकाश; सोळाचे मूल बराच वेळ कंटाळून उभे राहते आणि मग एकदाच हात उचलते. एकतीसपर्यंत मोजणी होते. बत्तीससाठी काय करावे? सहावा पत्ता. त्यावर किती ठिपके? मुले न सांगता बत्तीस म्हणतात.

यंत्राने दहा खुणा सोडून दोनच का वापराव्यात, असे चुणचुणीत मूल विचारील. त्याला मुंबईचे उदाहरण द्यावे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत भारतीय शास्त्रज्ञांनी बांधलेले गणकयंत्र १९६० साली काम करू लागले. १९६२ साली त्याला 'टिफ्रॅक' हे नाव मिळाले. त्याची स्मृती लोहसंयुगाच्या बारीक कड्यांची होती, आणि प्रत्येक कडे एका दिशेने चुंबकित झालेले असे किंवा उलट दिशेने. दोन दिशांत गोंधळ होत नाही. दहा निरनिराळ्या अवस्था ओळखावयाच्या तर थोड्याशा फरकानेही घोटाळा होतो. उभे असलेले आणि बसलेले मूल दुरून ओळखता येते. ते किती वाकले आहे हे ओळखणे कठीण.

अक्षरे कशी लिहावयाची हा पुढचा प्रश्न. मराठीतील 'क' पासून 'ळ' पर्यंतच्या व्यंजनांस क्रमांक द्यावेत. 'क्ष' आणि 'ज्ञ' ही जोडाक्षरे असल्याने वेगळी ठेवावीत. व्यंजने चौतीस होतात. पाच पत्त्यांनी किती क्रमांक लिहिता येतात? शून्य धरून बत्तीस. दोन व्यंजने उरतात, आणि केवळ त्या दोघांसाठी सहावा पत्ता घ्यावा लागतो! स्वर व मात्रा घेतल्यावर आणखी जागा लागते, पण सहा पत्त्यांत चौसष्ट क्रमांक असल्यामुळे ती मिळते. जगातील लिप्यांसाठी आज जी सामाईक क्रमवारी सर्व यंत्रांवर वापरतात, तिला युनिकोड म्हणतात. तीत देवनागरीस २३०४ पासून २४३१ पर्यंत १२८ जागा दिल्या आहेत, आणि 'क' चा क्रमांक २३२५ आहे. पाचवीच्या वर्गात बारा मुले ओळीने उभी करून हा 'क' दाखविता येतो : २०४८, २५६, १६, ४ आणि १ या मुलांनी पत्ते दाखवावयाचे, बाकीच्यांनी लपवावयाचे; अर्थात १००१०००१०१०१.

चित्रांचा विषय यापेक्षा सोपा आहे. चौकटीच्या वहीत काही घरे काळी करून माशाचे किंवा होडीचे चित्र काढावे, काळ्या घरास १ व पांढऱ्यास ० लिहावे, आणि केवळ ते अंक शेजारच्या मुलास द्यावेत. त्याने चित्र परत काढावे. एक तासिका पुरते.

लावणे आणि शोधणे

एकापासून शंभरांतील एक संख्या मनात धरावी आणि मुलांनी ती 'होय' किंवा 'नाही' एवढ्याच उत्तरांवरून ओळखावी. प्रारंभी मुले 'सत्तावीस आहे काय?' असे नेम मारतात. काही वेळाने कोणीतरी 'पन्नासपेक्षा मोठी आहे काय?' असे विचारते, आणि वर्गाला एकदम जाग येते. प्रत्येक प्रश्नाने उरलेल्या संख्या निम्म्या करीत गेल्यास सातांहून अधिक प्रश्न कधीच लागत नाहीत. आता संख्या दोनशेंपर्यंतची असेल तर किती प्रश्न? चौदा, असे वर्ग एकमुखाने सांगतो. प्रत्यक्षात आठ. हा धक्का मुलांस पुरेसा बसू द्यावा. एकशे चाळीस कोटी क्रमांकांतून एक हुडकावयाचा असला तरी एकतीस प्रश्न पुरतात.

मात्र ही किमया वस्तू क्रमाने लावलेल्या असतील तरच चालते. एकतीस चिठ्ठ्यांवर निरनिराळ्या संख्या लिहून त्या चढत्या क्रमाने पालथ्या मांडाव्यात. मधली उघडीत गेल्यास पाच चिठ्ठ्यांत हवी ती संख्या सापडते, किंवा ती नाहीच हे कळते. मग त्याच चिठ्ठ्या कालवून मांडाव्यात. आता एकतीसही उघडाव्या लागू शकतात. शब्दकोश का क्रमाने छापतात, दवाखान्यातील केसपेपर क्रमाने का ठेवतात, हे मुलांस आपोआप उमगते.

तेव्हा क्रम लावणे हे काम आले. आठ रिकाम्या काडेपेट्यांत निरनिराळी वाळू भरून त्या बंद कराव्यात आणि मुलांस तागडी द्यावी. वजने द्यावयाची नाहीत. एका वेळी दोनच पेट्या ताडून पाहावयाच्या, आणि प्रत्येक तुलनेस फळ्यावर एक रेघ. बहुतेक गट सर्वांत हलकी पेटी आधी शोधतात. तिला सात तुलना लागतात, पुढच्या हलकीस सहा, आणि एकंदर अठ्ठावीस रेघा होतात. दुसऱ्या गटास निराळी रीत सांगावी : प्रथम दोन-दोनच्या जोड्या लावून घ्याव्यात, मग दोन जोड्या मिसळून चारांची रांग करावी, मग दोन रांगा मिसळाव्यात, मिसळताना दोन्ही रांगांच्या तोंडच्याच पेट्या ताडावयाच्या. यास फार तर सतरा तुलना लागतात. चाळीस वस्तू असल्या तर पहिल्या रीतीने ७८० तुलना होतात, दुसरीने फार तर १७७. दोन्ही रीती बरोबर आहेत, दोन्हींचे उत्तर एकच आहे, तरी त्या सारख्या नाहीत. उत्तर बरोबर आल्यावरही विचार करावयाचा उरतो, ही गोष्ट प्राथमिक गणितात मुलांस क्वचितच भेटते. परीक्षेच्या उत्तरपत्रिका हजेरीच्या क्रमाने लावताना चार गठ्ठे करून ते मिसळणारे शिक्षक ही रीत वर्षानुवर्षे वापरीत आले आहेत. तेच काम एकदा मुलांसमोर करून दाखवावे.

जादा पत्ता

हा पाठ जादूच्या प्रयोगासारखा घ्यावा. एका बाजूस रंगविलेले छत्तीस पत्ते तयार करावेत. एका मुलाने त्यांतील पंचवीस पत्ते पाच ओळींत, मनास येईल तसे काही रंगीत वर, काही कोरे वर, असे मांडावेत. शिक्षकाने 'खेळ थोडा कठीण करू' असे म्हणून प्रत्येक ओळीच्या शेवटी व प्रत्येक स्तंभाच्या तळाशी एकेक पत्ता जोडावा, आणि कोपऱ्यात एक ठेवावा. मात्र तो असा की प्रत्येक ओळीत व स्तंभात रंगीत पत्त्यांची संख्या सम होईल. मग पाठ फिरवावी. मुलांनी कोणताही एकच पत्ता उलटवावा. शिक्षक वळून क्षणात तो पत्ता दाखवितो, कारण एक ओळ व एक स्तंभ विषम झालेला असतो, आणि ते दोन्ही जेथे छेदतात तेथेच बिघाड आहे. युक्ती लगेच सांगू नये. दुसऱ्या दिवशीपर्यंत मुले ती काढतात. काढल्यावर पुढचे विचारावे : दोन पत्ते उलटले तर? तेव्हा काहीतरी बिघडले आहे हे कळते, पण नेमके कोठे ते खात्रीने सांगता येत नाही.

निरोपाबरोबर थोडा जादा मजकूर पाठविला तर बिघाड ओळखता येतो, हे तत्त्व रोजच्या व्यवहारात आहे. आधार क्रमांकाच्या बारा अंकांतील शेवटचा अंक अशाच पडताळ्यासाठी असतो. (मुलांचे खरे आधार क्रमांक फळ्यावर लिहू नयेत.) पडताळून पाहण्यास पुस्तकांच्या पाठीवरील तेरा अंकी क्रमांक सोयीचा. त्याच्या अंकांस डावीकडून क्रमाने १ व ३ यांनी आळीपाळीने गुणून बेरीज केली की तिच्या एकंस्थानी शून्य येते. एखादा अंक चुकला तर बेरीज बिघडलीच पाहिजे. शेजारचे दोन अंक उलटसुलट झाले तर बहुधा कळते, परंतु त्यांतील फरक पाचांचा असेल तर कळत नाही. हे चौथी-पाचवीच्या मुलांनी शोधले तर त्या वर्गाचे पाढे चांगले झाले असे समजावे.

वर्गातील व्यवस्था

या पाठांसाठी वेगळा विषय, वेगळी तासिका किंवा वेगळी परीक्षा लागत नाही. ती नसणेच बरे. नाण्यांचा व पत्त्यांचा पाठ गणितात बसतो, सूचनांचा भाषेत व खेळाच्या तासात, अक्षरांचा मराठीत. जोडवर्गाच्या किंवा एकशिक्षकी शाळेत उलट सोयच असते : पाचवीच्या मुलांनी सूचना लिहाव्यात आणि दुसरीच्या मुलांनी यंत्र व्हावे. लहान मुले सूचना कटाक्षाने अक्षरशः पाळतात, आणि म्हणून ती मोठ्यांपेक्षा चांगली यंत्रे होतात. लिहिण्याचे काम मात्र नेहमी मुलगेच करीत आहेत आणि मुली पाहात आहेत असे होऊ लागल्यास पाळी ठरवून द्यावी. मुलांस गुण द्यावयाचेच असतील तर तांब्यापर्यंत पहिल्या खेपेस पोचल्याबद्दल देऊ नयेत. बिघडलेली ओळ शोधून सुधारल्याबद्दल द्यावेत.

शाळेत यंत्र आलेच, किंवा शिक्षकाजवळ मराठी टंकनाची सोय असलेला भ्रमणध्वनी असला, तर पहिला पाठ तेथूनही घेता येईल. मुलांस 'कि' हे अक्षर पाटीवर लिहावयास सांगावे. हाताने लिहिताना वेलांटी बहुधा आधी येते आणि 'क' मागून. यंत्रावर मात्र प्रथम 'क' उमटवावा लागतो आणि मग वेलांटी. पडद्यावर ती उडी मारून 'क'च्या डावीकडे जाऊन बसते. यंत्र अक्षराची आकृती साठवीत नाही, क्रमांक साठविते, आणि 'कि' मध्ये 'क'चा क्रमांक आधी असतो. हे पटविण्यासाठी मुलांनी मागे पुसण्याची कळ एकदाच दाबावी आणि काय पुसले जाईल याचा अंदाज आधी पाटीवर लिहावा. पुष्कळ मुले 'पूर्ण अक्षर' असे लिहितात, काही 'क' असे. बहुतेक यंत्रांवर वेलांटी जाते आणि 'क' उरतो.